आप्पांच्या जीपचा पाचवा गिअर

खानदेशात शिरायला वाटा पुष्कळ आहेत. पण नंदुरबारात माणूस नाकाने शिरतो. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी फलाटाला लागली की आधी शिंक येते आणि मग स्टेशनची पाटी दिसते. पावसाळा सरला की इथल्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते आणि गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर ती वाळत पडते. या मैदानांना इकडे पथारी म्हणतात. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, कुणी एकराएकराचे लाल लुगडे उन्हात वाळत घातले आहे! गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी डोळे पुशीत स्टेशनाबाहेर आलो, तेव्हा रिक्षावाला समजुतीने म्हणाला, "नवा माणूस दिखस. ऱ्हाऊ द्या भाऊ, पहिल्यांदा येस त्याले आसंच व्हस."

पहिल्यांदा कसला! लहानपणच्या माझ्या साऱ्या सुट्ट्या या जिल्ह्यात गेल्या. अर्थात तेव्हा हा जिल्हा नव्हता. धुळे जिल्ह्याचा तो एक कोपरा होता. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला आणि नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी अशा सहा तालुक्यांचा नवा संसार मांडला गेला. मधून तापी वाहते. तिच्या काठाला काळीभोर सपाट जमीन, ऊस, केळी आणि पपई. आणि उत्तरेकडे मान वर केली की भिंतीसारखा उभा सातपुडा. हे दोन जगांचे शेजार आहे. एका जगात रस्ता सरळ आणि दुसऱ्यात तो सरळ म्हणून नाहीच. माझी सारी गोष्ट या दोन रस्त्यांचीच आहे.

मी आलो होतो ते आमच्या आप्पांना न्यायला. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. शहाद्याला त्यांचा दवाखाना होता आणि आठवड्यातून एकदा, धडगावच्या बाजाराच्या दिवशी, ते औषधांची पेटी घेऊन सातपुड्यात चढत. वयाची ऐंशी उलटली, काकू गेल्या, दवाखान्याला कुलूप लागले. नाशिकची ताई, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, तीन वर्षे त्यांना "इकडेच राहायला या" म्हणून विनवीत होती. अखेर आप्पा कबूल झाले. पण एका अटीवर. ते म्हणाले, "येईन तर जीपमधून येईन. ती इथे भंगारात जाईल आणि मी तिथे गच्चीत बसून पेपर वाचीन, हे जमायचे नाही."

ही जीप म्हणजे आमच्या घरातले एक माणूसच. १९६६ सालची, पेट्रोलवर चालणारी. १९७९ साली आप्पांनी ती सरकारी लिलावात घेतली. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना जीपची नवलाई सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत जन्मलेले हे वाहन पुढे मुंबईत माझगावला जोडले जाऊ लागले आणि मग कलेक्टर, ओव्हरसियर, निवडणुकीचे उमेदवार आणि देवीची लस टोचणारे अशा सर्वांनी तिला आपले म्हटले. चारही चाकांना जोर देण्याची सोय असल्यामुळे जिथे बैलगाडीने हात टेकले तिथे जीप गेली. आमची जीप धडगावच्या वाटेवर 'दवाखान्याची गाडी' म्हणून ओळखली जाई. पाड्यावरून बांबूच्या झोळीत घालून आणलेला आजारी माणूस रस्त्यावर तिच्या वाटेकडे डोळे लावून असे. खाली येताना तिच्यात किती जीव बसले आणि मागच्या बाकावर किती जन्मले, याचा हिशेब आप्पांनी कधी सांगितला नाही.

पण डोंगरातली ही राणी हायवेवर मात्र बापुडवाणी होई. शहाद्याहून नाशिक सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यातला धुळ्यापासूनचा रस्ता म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग. तिथे मालाचे ट्रक ऐंशीने जातात आणि आमची जीप पन्नासच्या वर गेली की अशी किंचाळायला लागते, की शेजारी बसलेल्याने देवाचे नाव घ्यावे. पंचेचाळीसने जावे तर मागून येणारा ट्रक आपल्या आरशात हनुमानासारखा मोठा होत जातो. ताईने फोनवर स्पष्ट सांगितले, "आप्पांना त्या डब्यातून आणलेस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

अशा वेळी शहाद्यात एकच माणूस. हे मिस्त्री आप्पांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. या जीपचे इंजिन त्यांनी आजवर तीनदा उघडले आहे. मी त्यांना विचारले, "ही किंचाळते का?"

मिस्त्रींनी गॅरेजच्या फरशीवर खडूने हिशेब मांडला. तो मी जसाच्या तसा देतो, कारण त्यात साऱ्या दुखण्याचे निदान आहे. जीपला गिअर तीनच. पहिल्यात इंजिनाचे सुमारे २.८ फेरे झाले की बाहेरचा दांडा एकदा फिरतो. दुसऱ्यात सुमारे दीड. तिसऱ्यात एकास एक. त्यानंतर चाकांजवळच्या डिफरन्शियलमध्ये पुन्हा ५.३८ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. तिचे चाक एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटरला थोडे कमी अंतर तोडते. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे साडेचारशेवर फेरे आणि इंजिनाचे जवळजवळ २४५०! ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. तेव्हा साठच्या वेगाला बिचारे इंजिन मिनिटाला २४५० फेरे घेते आणि ऐंशीला सव्वातीन हजारांवर जाते. वरचा गिअर उरलेलाच नसतो. माणसाने चौथ्या मजल्यावर जावे आणि जिना तिसऱ्यालाच संपावा, तशी तिची गत.

"मग मागचे क्राउन-पिनियनच बदलून टाकू. ५.३८ च्या जागी कमी दातांचा फरक घालू." मी कुठेतरी वाचलेले ज्ञान पाजळले.

मिस्त्री हसले. "बदलता येईल. पण फोर-व्हील गाडी आहे. मागचे बदलले की पुढचेही तसेच बदलायला हवे, नाहीतर चारही चाके लावली की पुढची-मागची आपसात भांडतील. आणि ते बदलले की गाडी सगळ्याच गिअरांत हलकी होईल. मग चांदसैली घाट कोण चढणार? साहेब, हायवेसाठी डोंगर विकू नका."

मिस्त्रींचे हे वाक्य मी घरी येऊन आप्पांना सांगितले. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि बराच वेळ खिडकीतून सातपुड्याकडे पाहत राहिले.

मिस्त्रींचा उपाय निराळा होता: सगळा गिअरबॉक्सच बदलायचा. धुळ्याहून एका मोडीत निघालेल्या बोलेरोचा पाच गिअरांचा डबा त्यांनी आणला. मला वाटले, आता ते एखादे पुस्तक उघडतील. त्यांनी पुढच्या दांड्यावर खडूची रेघ ओढली, मागच्या दांड्यावर दुसरी ओढली आणि हाताने फिरवायला लागले. पाचव्या गिअरात आतला दांडा आठ वेळा फिरला तेव्हा बाहेरचा दहा वेळा फिरला. पहिल्यात आतले जवळजवळ पावणेचार फेरे झाले तेव्हा कुठे बाहेरचा एक झाला. "बघा," मिस्त्री म्हणाले, "वर एक मजला वाढला आणि खाली तळघरही मिळाले." म्हणजे पहिल्या गिअराला जुन्यापेक्षा जास्त ओढ आणि पाचव्याला इंजिनाला विसावा. डोंगरही राहिला आणि हायवेही आला!

मात्र डबा आणला आणि बसवला असे हे काम नव्हे. इंजिनाचे तोंड एका मापाचे, नव्या डब्याचे दुसऱ्या. त्यासाठी जाड लोखंडी पट्टीला लेथवर भोके पाडून जोड करावा लागला. दांड्याच्या खाचा वेगळ्या, म्हणून क्लचप्लेट वेगळी. चार चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्स्फर केस मात्र मिस्त्रींनी जुनीच ठेवली. तिचे मागचे तोंड गाडीच्या उजव्या अंगाला असते आणि मागचा डिफरन्शियलही त्याच अंगाला. तिच्या जागी सरळ तोंडाची बसवली तर प्रोपेलर तिरका चालेल. नवा डबा लांबीला जास्त, त्यामुळे त्याला खालून तोलणारा आडवा पट्टा मागे सरकवला, मागचा प्रोपेलर कापून आखूड केला, पुढचा लांब केला. गिअरचा दांडा वर यायला पत्र्यात नवे भोक पाडले. आणि या सगळ्याच्या आधी त्यांनी चारही चाकांचे ब्रेक उघडले. मी विचारले, "ब्रेकचे काय काम?" तर म्हणाले, "पळायला शिकवायच्या आधी थांबायला शिकवावं लागतं."

आप्पा स्वतः कागदपत्रांचे मोठे काटेकोर. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करून घेण्यात त्यांनी कधी हयगय केली नव्हती. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीवाचून करू नये, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते; म्हणून हत्यार लावण्यापूर्वीच ते काठी टेकीत परिवहन कार्यालयात जाऊन विचारून आले होते. इंजिन आणि चेसिस होते तेच राहिले. हौशी मंडळींनी हा धडा आप्पांकडून जरूर घ्यावा.

पहिल्याच चाचणीला फजिती झाली. प्रकाशाच्या रस्त्याला लागून गाडी पंचावन्नवर गेली मात्र, आणि खालून अशी थरथर सुरू झाली की आप्पांचा चष्मा नाकावरून उतरला. कापलेला प्रोपेलर तोलात नव्हता. तो काढला, धुळ्याला पाठवला, तोलून आणला. तोवर आम्ही प्रकाशाला केदारेश्वराचे दर्शन घेतले. तापी आणि गोमाई यांचा इथे संगम. दक्षिण काशी म्हणून लोक मानतात. घाटाच्या पायरीवर बसून आप्पा म्हणाले, "हिला पाचवा गिअर लागला की मला इथून जावे लागणार. प्रोपेलर आणखी दोन-चार दिवस तोलात येऊ नये असे वाटते बघ." त्यांनी हे हसून म्हटले, पण मला काही उत्तर सुचले नाही. गाडी सुधारली म्हणजे आप्पा चालले. आम्ही सारे इतक्या हौसेने जी गोष्ट जुळवीत होतो, ती त्यांना त्यांच्या गावातून उपटायची सोय होती, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

प्रोपेलर तोलून आला तो धनत्रयोदशीला. आप्पा म्हणाले, "आधी डोंगर. नाशिक मग."

तळोद्यावरून आम्ही कोठारच्या रस्त्याला लागलो. त्या दिवसांत या वाटेवर माणसांची रीघ असते. अस्तंब्याची यात्रा धनत्रयोदशीपासून सुरू होते. अस्तंबा हे सातपुड्यातले १३२५ मीटर उंचीचे शिखर. हे अश्वत्थाम्याचे स्थान, असे लोक मानतात. कपाळावरचा मणी गेल्यावर भळभळती जखम घेऊन तो चिरंजीव या रानात फिरतो आणि वाटेत भेटेल त्याच्याकडे जखमेवर घालायला तेल मागतो, अशी कथा आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून आलेले यात्रेकरू हातात काठी, खांद्यावर शिदोरी घेऊन रात्रीच्या रात्र चढतात.

चांदसैली घाट सुरू झाला. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला सागाच्या शेंड्यांनी भरलेली दरी आणि वळणे अशी, की पुढचे वळण मागच्याच्या डोक्यावर बसलेले. पूर्वी इथे आप्पा पहिल्या गिअरसाठी दोनदा क्लच दाबीत. जुन्या डब्यात चालत्या गाडीत पहिला गिअर गुपचूप पडतच नसे, दात करकरत. त्या करकरीवरून पाड्यातल्या लोकांना गाडी आल्याचे कळे. आता दांडा लोण्यातून सुरी जावी तसा गेला. गाडी कुरकुर न करता पायरी पायरीने वर चढू लागली. आप्पांनी एक हात डॅशबोर्डवर ठेवला होता, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

घाटमाथ्यावर पाणी प्यायला थांबलो. एक म्हातारा यात्रेकरू काठीवर हनुवटी टेकून जीपकडे टक लावून पाहत होता. जवळ आला, बोनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "गाडी दवाखान्याचीच आहे ना? आवाज तिचा नाही."

"गाडी तीच. पोट बदलले," आप्पा म्हणाले.

म्हाताऱ्याने मग आप्पांकडे निरखून पाहिले. त्याच्या बायकोला एका पावसाळ्यात याच गाडीतून खाली नेले होते. "पोरगा गाडीत झाला. आता तो ड्रायव्हर आहे, सुरतेला," त्याने सांगितले. दोघे म्हातारे बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना आप्पांनी विचारले, "काय हवे का?" म्हातारा मिस्कील हसून म्हणाला, "डॉक्टर, तेल आहे का तेल?" आणि अश्वत्थाम्याच्या डोंगरावर आम्ही सगळे खो खो हसत सुटलो. योगायोग असा की मागच्या सीटखाली गिअरबॉक्सच्या तेलाचा अर्धा डबा खरोखरच होता!

भाऊबीजेला ताईकडे पोचायचे होते. पहाटे शहादे सोडले. दवाखान्याच्या पायरीवर आप्पांनी एक पणती लावली आणि मागे न पाहता गाडीत बसले. सारंगखेड्याला तापी ओलांडली. दत्तजयंतीला इथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या वेळी मात्र नदीवर नुसते धुके होते. दोंडाईचा मागे पडले, धुळे आले आणि महामार्ग सुरू झाला. मी श्वास रोखून चौथ्यातून पाचवा टाकला.

वाचकहो, ती शांतता मी कशी सांगू? साठ वर्षांची म्हातारी, जन्मभर कण्हत आलेली, एकाएकी कण्हायची थांबली. साठच्या वेगाला २४५० फेरे घेणारे इंजिन आता साडेएकोणीसशेवर आले होते. आप्पांनी खिशातून जुन्या प्रिस्क्रिप्शनचा कागद काढला आणि पेन्सिलीने गणित मांडले. "किलोमीटरला ४९० फेरे वाचले. सगळा रस्ता पाचव्यात गेला असे धरले तर अडीचशे किलोमीटरला सव्वा लाख! अरे, सव्वा लाख प्रदक्षिणा वाचल्या देवाच्या!" मालेगाव गेले, चांदवडला डोंगरातल्या रेणुकेला गाडीतूनच हात जोडले. टोलनाक्यावरचा पोरगा काचेवरचा फास्टॅग आणि त्यामागची ही पुराणवस्तू पाहून मोबाईलवर फोटो काढायला लागला, तेव्हा मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले.

दुपारी आम्ही नाशिकला पोचलो. ताई फाटकात उभी होती. तिने आधी आप्पांना पाहिले, मग जीपला, आणि मग माझ्याशी बोलली. संध्याकाळी ओवाळणे झाले. मी हळूच विचारले, "आप्पा, जुना गिअरबॉक्स शहाद्यालाच राहिला. विकून टाकू का? मिस्त्री म्हणत होते, गिऱ्हाईक आहे."

आप्पा म्हणाले, "मुळीच नाही. माझ्या खाटेखाली आहे, तो तिथेच राहू दे. लोखंड नुसते पडून राहिले की गंजते. त्याला तेल द्यायला मधून मधून जावे लागेल."

"म्हणजे तुम्ही परत जाणार?" ताईचा आवाज चढला.

"मग? गाडीला पाचवा गिअर बसवला तो एकाच बाजूने चालतो की काय?"

ताई काही बोलली नाही. तिने त्यांच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. आप्पा नाशिकला राहतात, पेपर वाचतात, गच्चीवरही बसतात. पण होळीला आम्ही त्यांना घेऊन गेलो, कारण होळीला सातपुड्यात नसणे म्हणजे पाप. काठीची होळी पहाटे पेटते, ती आप्पांनी जीपच्या बाकावर घोंगडी पांघरून पाहिली. पावसाळ्याआधी एकदा गेलो. दर वेळी ते आधी घरी जाऊन खाटेखालच्या त्या डब्याला तेलाचा बोळा फिरवतात, मग दवाखान्याचे कुलूप उघडतात. कळले की दोन-चार माणसे येऊन बसतातच. औषध आप्पा आता देत नाहीत. कुठे दाखवावे ते मात्र सांगतात.

हे लिहीत असतानाच त्यांचा फोन आला. धनत्रयोदशीला सुट्टी मिळते का, विचारत होते. तेलाचा नवा डबा त्यांनी आणून ठेवला आहे म्हणे. एवढे तेल एका गिअरबॉक्सला कशाला, असे मी विचारणार होतो. पण मग त्या घाटमाथ्यावरच्या म्हाताऱ्याची आठवण झाली आणि म्हटले, असू दे. वाटेत कुणी मागितले तर?